पानांत दडवलेली सही

नोकरीला लागले तेव्हा एका बंगल्याचं पर्स्पेक्टिव्ह (बांधून झाल्यावर तो कसा दिसेल याचं चित्र) काढायला मला तीन आठवडे लागले होते. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची, असला तो काळ. क्लायंट खूश झाला. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, ‘ड्रॉन बाय’समोर माझी आद्याक्षरं काही आली नाहीत. तेव्हा नुसतंच वाईट वाटलं. अमेरिकन वास्तुविशारद मॅरियन माहोनीबद्दल वाचल्यावर मात्र चक्क राग आला.

तिचा जन्म शिकागोचा, १८७१ चा. एमआयटीतून १८९४ मध्ये वास्तुकलेची पदवी घेणारी ती दुसरी स्त्री. पुढच्याच वर्षी नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटकडे कामाला लागली. १९१० मध्ये बर्लिनहून राइटच्या कामाचा वास्मुथ पोर्टफोलिओ (त्याच्या इमारतींच्या चित्रांचा संग्रह) निघाला आणि युरोप त्याच्यामागे वेडा झाला. त्यातली जवळपास निम्मी चित्रं हिच्या हातची मानतात. जपानी छापचित्रांसारखी मांडणी: पुढे फांद्या, पानं, वेली आणि त्यांच्या आडून डोकावणारं घर. त्याच पानांत कुठेतरी बारीक आद्याक्षरं दडवलेली असायची. एका चित्रावर तर राइटनेच लिहून ठेवलंय की हे माहोनीने काढलं, राइट आणि जपानी छापचित्रकार हिरोशिगेच्या धर्तीवर. म्हणजे श्रेय दिलं आणि त्याच ओळीत अर्धं परतही घेतलं!

‘ती काय, नुसती चित्रं काढायची’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अहो, गिऱ्हाईक प्लॅन वाचून होकार देत नाही, चित्र बघून देतं.

१९११ मध्ये तिने वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिनशी लग्न केलं. ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीच्या, कॅनबेराच्या, स्पर्धेसाठी आराखडा त्याचा आणि कापडावरची ती भलीमोठी रंगीत दृश्यं हिची. १९१२ मध्ये १३७ प्रवेशिकांतून पहिलं बक्षीस. कॅनबेराच्या तळ्याला त्याचं नाव १९६४ मध्येच मिळालं. तिने चितारलेल्या माउंट एन्स्लीवरच्या जागेला तिचं नाव मिळायला २०१३ उजाडलं.

आणि हे माहीत होतं का? दोघं लखनौला होती! विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी तो १९३५ मध्ये आला, मागोमाग ती. फेब्रुवारी १९३७ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो तिथेच वारला, दफनही तिथेच. ती शिकागोला परतली, हजारावर पानांचं हस्तलिखित लिहिलं, पण जिवंतपणी प्रकाशक काही मिळाला नाही. १९६१ मध्ये गेली.

पुढच्या महिन्यात एका लग्नासाठी लखनौला जायचंय. निशातगंजच्या ख्रिस्ती दफनभूमीत ग्रिफिनची कबर कोणत्या बाजूला आहे, कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.