‘गवत काय, आपोआप येतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी परत आणण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे: “गवत काय, पाऊस पडला की आपोआप येतं. आफ्रिकेतून चित्ते येतात, मग राजस्थानातून चार माळढोक आणून सोडायला काय होतं? तुम्हा लोकांना नुसती कारणं सांगायची सवय. हरणं पिकं खातात ते दिसत नाही. अभयारण्याचं सालही चुकलंय.”

साल चुकलं, मान्य. १९७९ हवं होतं, १९७५ पडलं. दुरुस्त केलंय.

पण ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे नक्की कुणाला? सतरा पावसाळे मी याच मुरमावर गवताचं बी टाकतोय. मतभेद असू द्या, पण ही बोलायची पद्धत नव्हे.

आता ‘आपोआप’. पहिल्या पावसानंतर माळ हिरवा दिसतो, हे खरं. गुडघ्यावर बसून बघा, काय उगवलंय ते. गाजर गवत, तरोटा आणि फार तर कुसळी. माळढोकाला हवी ती मारवेल आणि शेडा ही गवतं. मारवेल ओळखायला सोपा आहे: कांडीच्या प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. जिथं वर्षानुवर्षं चराई झाली किंवा ग्लिरिसिडियाची झाडं लावली गेली, तिथं मारवेलचं बीच मातीत उरत नाही. मग पावसानं उगवणार काय?

ते बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरा चोळल्यावर सुटायला लागलं की गोळा करायचं. लगेच पेरलं तर उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवावं लागतं. हेक्टरी पाच-सहा किलो पुरतं. नुसतं फेकलं तर वारा उडवतो, उरलेलं मुंग्या नेतात. म्हणून माती-शेणात कालवून गोळ्या करायच्या आणि जमीन नुसती खरवडायची. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की संपलं. नांगर तर लावूच नये, जुने ठोंब मरतात आणि गाजर गवताला मोकळं रान मिळतं. आपल्याकडं जूनचा पाऊस येऊन दडी मारतो, कोवळे अंकुर वाळून जातात. त्यामुळं निम्मं बी जूनअखेर, निम्मं ऑगस्टात.

ग्लिरिसिडिया नुसता तोडून भागत नाही, खोडाला पुन्हा धुमारे फुटतात, मुळासकट काढावा लागतो. सुबाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणजे दर पावसाळ्यात रोपं उपटत बसायचं. बी पडेपर्यंत चराई बंद ठेवायची; पण कायमची बंद केली तर वाळलेल्या गवताचा थर साचून नवं फुटत नाही. म्हणून त्यानंतर मोजकी जनावरं, तीही आळीपाळीनं. माळढोकाची मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला आडोशापुरतं उंच गवत लागतं, नराला नाचायला आखूड. एकाच माळावर दोन्ही हवं. आणि पिल्लाला नाकतोडे हवेत, ते कुठून येणार?

‘चार आणून सोडा’ म्हणे. जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथं माळढोकाची पैदास चालते, पण माणसाच्या हातून खाल्लेलं पिल्लू माणसाला घाबरत नाही, ते माळावर टिकत नाही. शिवाय समोरची विजेची तार या पक्ष्याला नीट दिसत नाही, तो तिच्यावर आदळतो, तेही मूळ लेखात होतंच. आपण ते वाचलेलं दिसत नाही. आणि २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कूनोत नामिबियाचे आठ चित्ते आले, त्याच्या कितीतरी आधी तिथली चोवीस गावं हलवलेली होती; त्या सोडलेल्या शेतांवर गवत वाढलं होतं.

हरणांचं नंतर कधीतरी, तो स्वतंत्र विषय आहे.

ऑक्टोबरअखेर या, मारवेलचं बी देतो. कापडी पिशवी आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजतं.