गॅसेसच असतील

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप बसला. सेक्रेटरी या नात्याने मी तातडीची मीटिंग बोलावली आणि ती दोन तास चालली. इम्पेलर, बेअरिंग, वायंडिंग, एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप), ज्याला जे नाव आठवलं त्यावर त्याने मत दिलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका मीटिंगभर छाती चोळत बसले होते. तेच शेवटी ठणकावून म्हणाले, "अहो, एएमसी करून टाका. मशीन आहे, कधी ना कधी कुरकुरणारच!" टाळ्या पडल्या. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा, ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनी जेलुसिलची गोळी चघळली.

छातीतल्या पंपावरचा, म्हणजे हृदयावरचा, हा लेख त्यांच्यासाठी, आणि जिना चढताना मधल्या लँडिंगला मोबाइल बघण्याच्या निमित्ताने थांबणाऱ्या तमाम सज्जनांसाठी.

आधी शाळेतलं रक्ताभिसरण विसरा. बाई फळ्यावर लाल खडूने रोहिणी काढायच्या आणि निळ्याने नीला. रोहिणी हृदयातून निघालेली, नीला हृदयाकडे परतणारी. म्हणजे एक सासरी चाललेली, दुसरी माहेरी आलेली, एवढं आमच्या डोक्यात बसलं. त्या निळ्या खडूच्या कृपेने अर्धा वर्ग अजूनही समजतो की नीलेतलं रक्त निळं असतं. ते असतं गडद लाल. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी मात्र नावाने रोहिणी असूनही ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. माझे दोन मार्क तिनेच खाल्ले होते, म्हणून हा राग.

त्यापेक्षा तुम्ही गॅलेन धरा. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य सांगायचा, की अन्नापासून यकृत ताजं रक्त बनवतं, ते अंगभर जातं आणि तिथेच खर्च होतं. काय सोयीचा माणूस! कालचा वडापाव काल संपला, आजचं रक्त आजचं, मागची थकबाकी काही नाही. हजार-बाराशे वर्षांहून जास्त काळ युरोप याच भरवशावर जेवला. मग १६२८ साली विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टराने सगळा विचका केला. त्याने नुसता गुणाकार केला. एका ठोक्याला हृदय थोडंसंच रक्त बाहेर टाकतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं ताजं रक्त बनवायला माणसाने खायचं तरी किती? तेव्हा तेच रक्त गोल गोल फिरत असणार.

हा हिशेब घरी करून बघू नका, झोप उडेल. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. अंगात रक्तही साधारण तेवढंच, म्हणजे ते दर मिनिटाला एक फेरी मारून येतं. दिवसाचे ठोके लाखावर जातात आणि लिटर सात हजारांवर. उन्हाळ्यात सोसायटी जो दहा हजार लिटरचा टँकर मागवते, त्याचा पाऊण हिस्सा रोज मुठीएवढा, तीनशे ग्रॅमचा एक स्नायू उपसतो. टँकरवाल्याला आपण पैसे देतो, वर चहाही विचारतो.

आता बीपी. याची कला आहे, नीट समजून घ्या. दवाखान्यात धावतपळत जा. आधी कटिंग मारलेला असावा आणि लघवी दाबून धरलेली असावी. खुर्चीत पायावर पाय टाकून बसा, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधायला लावा, हात हवेत लोंबकळू द्या आणि मोजणं चालू असताना रिक्षावाल्याशी झालेलं भांडण सांगत राहा. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर सरकतो. सरकला, की लगेच म्हणायचं, "जिने चढून आलोय ना, म्हणून." डॉक्टर म्हणतील, पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीला टेकवा, हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवा, मग मोजू. अशा डॉक्टरांपासून सावध राहा. ते खरा आकडा काढतात. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे तीनदा मोजून घ्या. सगळ्यांत कमी आला तो आपला, उरलेले दोन मशीनचे.

वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा, हे कोणी समजावू लागलं तर जांभई द्या. १२० म्हणजे पारा १२० मिलिमीटर उचलणारा दाब. पाण्यात मोजलात तर उंची एक मीटर साठ सेंटिमीटरच्या वर जाते. स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने एका घोडीच्या रोहिणीत नळी घालून हे प्रत्यक्ष पाहिलं. काचेच्या नळीत रक्त आठ फुटांवर चढलं. १७३३ साली त्याने ते छापलं. घोडी काही बोलली नाही. तुमच्या रोहिण्याही बोलत नाहीत. दाब १२०चा १६० झाला तरी डोकं दुखेलच, गरगरेलच असं काही नाही, आणि "मला काही होत नाही" या वाक्याचा सगळा जोर त्यावरच उभा आहे. गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात बीपी नॉर्मल आलं, तर गोळी ताबडतोब बंद करा. पंप चालू झाला, आता वीज कशाला, असं म्हणून मेन स्विच पाडतात तसं.

मिठाचं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी. आमटीत कमी घाला आणि मोठ्याने तसं जाहीर करा. पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे यांना मीठ धरायचं नाही, ती तोंडीलावणी. पापडखारात सोडियमच असतं, पण त्याचं नाव खार आहे. आणि फारच पथ्य असेल तर सैंधव घ्या. तेही बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच, पण उपासाला चालतं. रोहिणीला उपास कळत नाही, हा तिचा दोष.

पायांचं काय करायचं ते सांगतो. हृदय रक्त खाली ढकलतं, पण वर आणायला त्याचा जोर फारसा उरत नाही. ते काम पोटऱ्या करतात. चालताना पोटरी आवळते, नीला दाबली जाते, रक्त वर सरकतं, आणि जागोजागच्या झडपा त्याला खाली घसरू देत नाहीत. अगदी आपला एनआरव्ही. बघायचा असेल तर हात खाली सोडा, शीर फुगली की मनगटाजवळ एक बोट तिच्यावर दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने कोपराकडे निपटत जा. मधली शीर चपटी होते आणि चपटीच राहते, वरचं रक्त मागे येत नाही. खालचं बोट उचललं की झर्रकन भरते. हार्वेने हेच दाखवलं होतं, बाहूला पट्टी बांधून. तुम्ही मात्र दोन बोटं आणि एक मिनिट यात घालवू नका. सकाळी नऊला खुर्चीत बसा ते थेट सातला उठा. संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यात रुतलेला दिसला तर मोजे बदला.

आता मुख्य मुद्दा, हृदयाचा स्वतःचा पगार. बँकेतल्या कॅशियरच्या हातून दिवसभर लाखो रुपये जातात, पण त्यातली नोट त्याला खिशात घालता येत नाही. त्याचा पगार वेगळ्या वाटेने येतो. हृदयाचं तसंच. चारही कप्पे रक्ताने भरलेले, पण जाडजूड भिंतीला लागणारं रक्त बाहेरून, महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या सगळ्यांत मोठ्या रोहिणीच्या) तोंडाशीच फुटणाऱ्या दोन फांद्यांतून मिळतं. तेही गंमत अशी, की डाव्या बाजूला मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हाच. आवळलं असताना त्याचा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या चिमटून धरतो. साधारण ०.३ सेकंद काम, ०.५ सेकंद विश्रांती, आणि जेवण त्या विश्रांतीत. ठोके वाढले की कापली जाते ती मुख्यतः विश्रांतीच. तेव्हा बिडी-सिगारेट, रात्रीचं जागरण, दुपारी साहेबांशी आणि रात्री टीव्हीवरच्या चर्चेशी हुज्जत, यांनी ठोके चढते ठेवा. कामगार जेवायला बसला की घंटा वाजवायची, दुसरं काय.

इथे माझ्या पंपाच्या उपमेची मात्र पंचाईत होते. पाइप क्षारांनी हळूहळू चोंदतो, धार बारीक होते, प्लंबर येऊन सळई मारतो. या फांद्यांत चरबी साठते ती पोकळीत नाही, भिंतीच्या आत. वरचा पातळ पापुद्रा एक दिवस तडकतो, तिथे रक्ताची गाठ धरते, आणि काल चार जिने चढलेला माणूस आज सकाळी दात घासताना बसतो. गाठीपलीकडचा स्नायू मग रक्तावाचून मरायला लागतो, मिनिटामिनिटाने.

अशा वेळी घाबरायचं नाही. गॅसेसच असतील. ओवा खा, सोडा प्या, पाठीवर बाम चोळून घ्या. दुखणं सिनेमातल्यासारखं, डाव्या छातीत हात दाबून कोसळण्याइतकं नसेल तर ते धरूच नका. जबडा दुखतोय, पाठ भरून आलीय, नुसताच थंड घाम आणि धाप, छातीत काहीच नाही, असं बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कित्येकदा होतं. त्यांना सांगा, उकाडा किती आहे बघ. १०८ला फोन तर मुळीच करू नका, खाली गाडी उभी राहिली तर शेजारी काय म्हणतील? आधी फार्मसी शिकणाऱ्या पुतण्याला विचारा. मग ईसीजी उद्या सकाळी, उपाशीपोटी. ईसीजीला उपाशी राहावं लागत नाही, पण तेवढीच एक रात्र मिळते.

पंपाचं एएमसी या महिन्यात संपतंय. तिघांची कोटेशनं घेऊन मी वर निघालोय, चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या लँडिंगला आहे सध्या. मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आलंय वाटतं, तेवढं बघून घेतो.