पाच हजारांत चेसिस नवी? जुन्या मर्सिडीजच्या गंजाचा तो मेसेज

पावसाळा सरत आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. जुन्या मर्सिडीजच्या मागच्या चाकांजवळ चेसिसला गंज दिसला तर घाबरू नका, म्हणे. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, त्यामुळे गंज वरवरचाच असतो. वायर ब्रश मारा, रस्ट कन्व्हर्टर लावा, वरून काळं अंडरकोटिंग. भोक पडलंच असेल तर जाड पत्रा वेल्ड करा, दरवर्षी जळकं ऑइल फवारा, आणि आरटीओत पासिंग झालं की खुशाल गोव्याला निघा. सगळं मिळून पाच हजारांत.

मेसेज लिहिणारा अडाणी नाही. त्याच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात.

आधी गाडी कोणती ते बघू. १९९४ साली मर्सिडीज टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत पुण्यात आली आणि १९९५ पासून पिंपरीत डब्ल्यू १२४ हे मॉडेल जुळायला लागलं, ई २२० आणि ई २५० डिझेल. मेसेजातल्या फोटोत तीच चौकोनी गाडी आहे. हिला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. दुमडलेल्या पत्र्याच्या पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्डने जोडून जी बॉडी होते, तीच सगळा भार घेते. मागचं प्रत्येक चाक पाच दांड्यांनी धरलेलं असतं. त्या दांड्या एका सबफ्रेमला, म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी चौकटीला, आणि सबफ्रेम चार रबरी माउंटांवर बॉडीच्या त्या पेट्यांना टांगलेली. दाराखाली गंज लागला तर गाडी वाईट दिसते. माउंटपाशी लागला तर चाक कुठे बघतंय, हाच प्रश्न उभा राहतो.

आता मीठ. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात आणि तिकडच्या गाड्या त्यानेच सडतात, हे खरं. पण लोखंड गंजायला मीठ लागतंच असं नाही, पाणी आणि हवा पुरते. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला तर पाऊस नसतानाही गंज चालू राहतो. खानापूरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खाली येते कधी? त्यात जांभ्याची तांबडी माती. डब्ल्यू १२४ च्या मागच्या खालच्या आर्मवर, म्हणजे त्या पाच दांड्यांतल्या खालच्या दांडीवर, जिथे स्प्रिंग बसते, एक प्लास्टिकचं झाकण असतं. दिवाळीनंतर ते झाकण काढून बघा. वरून गाडी खडखडीत वाळलेली असते आणि झाकणाच्या आत मूठभर तांबडा चिखल अजून ओलसर निघतो. लोखंडाला चार महिने ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखंच ते. शिवाय हीच मंडळी चोर्ला घाटातून गोव्यात उतरून किनाऱ्यावर दोन दिवस गाडी लावून येतात. रस्त्यावर मीठ नसलं तरी तिथल्या वाऱ्यात आहेच की.

‘गंज वरवरचा असतो’ हे वाक्य तर उलटंच आहे. पेटी आतून सडते. पाणी जोडांतून आत शिरतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली असतात, आणि कारखान्यात आत मारलेलं मेण इतक्या वर्षांत वाळून गेलेलं असतं. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जोड फुगतात आणि शेवटी बाहेरच्या रंगाला फोड येतो. तुम्हाला दिसतो तो फोड, म्हणजे प्रकरणाचा शेवट. यावर साधी तपासणी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मागच्या जॅक पॉइंटपासून माउंटच्या बोल्टपर्यंत आणि पुढे स्प्रिंगच्या वरच्या बैठकीपर्यंत ठोकत जा. धड पत्रा टण वाजतो, सडलेला भद्द. जिथे आवाज बदलला तिथे टोक दाबा. टोक आत गेलं तर विकणारा म्हणेल, ‘ओ, भोक तुम्हीच पाडलं की!’ म्हणू दे.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल माझी तक्रार नाही. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल गंजाच्या पातळ, घट्ट बसलेल्या थराशी संयोग पावून त्याचं काळपट, टिकाऊ पुटात रूपांतर करतं. आर्मवर, ब्रॅकेटवर, स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर जरूर वापरा. पण पापुद्रे सुटलेल्या गंजात ते खालपर्यंत पोचत नाही, आणि बंद पेटीच्या आत तर ब्रशही पोचत नाही. त्यावर डांबरी कोटिंग मारलं की ओल आत कोंडली जाते. कोटिंगला एक खडा लागून कपचा उडाला की पाणी त्याच्या मागे शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. जुन्या गाडीचं बूड नवं कोरं काळंभोर दिसलं की मी गाडीपेक्षा विकणाऱ्याकडे जास्त बघतो.

सगळ्यात महाग पडतो तो जाड पत्र्याचा सल्ला. आपल्याकडे तो पटकन पटतो, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कामाला हात कमी नाहीत. फाउंड्री, शेड, ट्रॉली, काय हवं ते. असाच एक मिस्त्री मला म्हणाला होता, ‘साहेब, तीन एमएमचा पत्रा मारतो की. गाडी मोडंल, पण माझा जोड मोडणार नाही.’ अडचण नेमकी तीच आहे. भोवतालचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा. त्यावर तीन मिलिमीटरचं ठिगळ ताठ बसतं, हादरे बसले की सगळा ताण ठिगळाच्या कडेवर येतो, आणि तडा त्या कडेच्या शेजारी पडतो. आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो तो वेगळाच. आणि ठिगळ सडक्यावर मारलं असेल तर ते धरणार कशाला?

नीट काम असं होतं. सडलेला भाग धड, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापून काढायचा, मग भोक दुप्पट झालं तरी चालेल. मूळ जाडीचा पत्रा मूळ आकारात वळवून घ्यायचा, कारण ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा त्या दुमडीत जास्त असते. आत आणखी एक थर असेल तर आधी तो, मग बाहेरचा. सीओटू वेल्डिंग (वायर आणि गॅसवर चालणारं), बारीक वायर, थोडं थोडं अंतर सोडून छोटे टाके. कारखान्याने जिथे स्पॉट मारले होते तिथे नव्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरून घ्यायचं. जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर आधीच लावायचा, नंतर तिथे हात जात नाही.

माउंटची जागा कापायची असेल तर कापण्याआधी मोजायचं. पुढच्या दोन धड, सारख्या ठिकाणांपासून मागच्या माउंटच्या भोकांपर्यंत तिरपी मापं घ्यायची आणि लिहून ठेवायची. एका वेळी एकच बाजू. माउंटच्या भोकाला प्लेट बोल्ट करून ती धड भागाला टाक्याने धरून ठेवायची, म्हणजे जागा हलत नाही. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना कापाकापी केली आणि भोक चार-पाच मिलिमीटर सरकलं, तर पुढे अलाइनमेंटवाला कितीही फिरवू दे, गाडी तिरकी चालते आणि मागचे टायर आतून झिजतात.

मेसेजात आगीचा तर शब्दही नाही. या सेडानची पेट्रोल टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे उभी असते, आणि पेट्रोल गाडीत पंप आणि फिल्टर उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, फरशीखाली. म्हणजे जिथे वेल्डिंग करायचं त्याच्या शेजारीच. ब्रेकचे पाइपही तिथूनच जातात. ते सगळं खोलून बाजूला केल्याशिवाय, बॅटरी सोडल्याशिवाय आणि मागची सीट, गालिचा उचलल्याशिवाय जो ठिणगी पाडतो त्याच्याकडे गाडी देऊ नका. आणि स्प्रिंग काढताना योग्य कॉम्प्रेसर नसेल तर ती दाबलेली स्प्रिंग सुटून माणसाचा जीव घेऊ शकते.

जळक्या ऑइलबद्दल थोडक्यात. त्यात आम्लं आणि काजळी असते, आणि ज्या रबरी माउंटांवर सबफ्रेम टांगलेली आहे तेच रबर तेलाने फुगून मऊ पडतं. उद्या वेल्डिंग करायला गेलात तर हेच तेल पेटतं. पेटीच्या आत मारायचं ते कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे बंद पोकळीत फवारायचं मेण, तेही सगळं वेल्डिंग आणि रंग झाल्यावर, लांब नळीने, आणि निचऱ्याची भोकं मोकळी ठेवून.

पासिंगचं म्हणाल तर, खासगी गाडीला १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. तिथे गाडी तपासतात, पण पेटी फोडून कोणी आत बघत नाही. शिक्का मिळाला म्हणून पत्रा जाड होत नाही.

राहिले पाच हजार. सबफ्रेम उतरवणं, टाकी काढणं, मोजणं, कापणं, पत्रा वळवणं, परत जोडणं आणि शेवटी अलाइनमेंट यात कितीतरी दिवसांची मजुरी जाते. त्या पैशांत फार तर कोटिंग होईल. दोन्ही बाजूंची माउंटं आणि त्यांच्या पुढची आतली पेटीही गेली असेल तर मी तरी दुरुस्तीत पडणार नाही, इंजिन आणि सुटे भाग विकून दुसरी धड बॉडी शोधेन. पण एकाच बाजूला हातभर भाग गेला असेल तर गाडी नक्की वाचते. फक्त मिस्त्रीला आधीच सांगा, कापल्यावर आणि ठिगळ बसवण्याआधी आतल्या बाजूचे फोटो पाठव. फोटो आले नाहीत तर बाकीचे पैसे देण्याआधी गाडी वर उचलायला लावा आणि पुन्हा ठोकून बघा.