आधी स्वतःचं बघा!

दोन वेळा जेवण जातं, रात्री झोप लागते, पोरं मार्गी लागली. एवढ्यावरच तुम्ही स्वतःला सुखी समजत असाल, तर तुमच्यासारखे अडाणी तुम्हीच. सुख आता असं आपोआप होत नाही. त्याला वेलबीइंग म्हणतात आणि ते कमवावं लागतं, जमल्यास हप्त्यावर.

सुरुवात व्याख्येपासून करा. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली लागू झाली. तिच्यात लिहिलंय की आरोग्य म्हणजे नुसता रोग नसणं नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था. यातला तिसरा शब्द आधी खोडून टाका. सामाजिक म्हटलं की शेजारी आले, गल्ली आली, गल्लीतलं तुंबलेलं गटार आलं. त्यात पडून कुणाचं भलं झालंय? उरलेल्या दोन शब्दांसाठी मात्र घड्याळं, ॲप, शिबिरं, सगळं बाजारात तयार आहे.

मग पावलं मोजा. रोज दहा हजार. हा आकडा कुठल्या शास्त्रात नव्हता, १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे तो जगभर गेला. पण आकडा गोल आहे, आणि श्रद्धेला तेवढं पुरतं. आपल्या बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी चालायला जा, मात्र बाकावर बसलेल्या त्या कानटोपीवाल्या चौघा पेन्शनरांपासून लांब राहा. एकाने कुंद्याचा पुडा सोडलेला असतो. दुसऱ्याला शुगर, म्हणून तो ‘अर्धाच दे गा’ म्हणत दोनदा हात पुढे करतो. तिसरा सीमाप्रश्न १९५६ पासून सांगायला घेतो आणि महाजन आयोगापाशी पोचला की चौथा त्याला अडवतो. रोज तिथेच अडवतो. यांच्यातला एखादा दोन दिवस दिसला नाही, तर बाकीचे थेट त्याच्या दारात जाऊन हाका मारतात. माणसाला काही खासगी आयुष्य आहे की नाही? चौघांची पावलं मिळून तुमच्या एकट्याइतकी भरत नाहीत, हे ध्यानात घ्या आणि कानात गाणी लावून पुढे चला.

जागतिक आनंद अहवालासाठी लोकांना एक शिडी डोळ्यांपुढे आणायला सांगतात. तळाला शून्य, वर दहा, तुम्ही कितव्या पायरीवर? २०१८ मध्ये फिनलंड पहिला आला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथून हललाच नाही. आपला माणूस पायरी सांगायच्या आधी विचारतो, ‘शिडी कुठल्या सरकारची?’ अशाने गुण मिळत नाहीत. वर्तमानात जगायला शिका. खरं तर हे आपल्याइतकं कुणाला जमलंय? सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हापासून पुढची तारीख हेच आपलं वर्तमान.

शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि तुम्हाला कन्नड वाचता येत नाही? चिडू नका, ते ध्यान समजा. अक्षरांकडे नुसतं बघा, अर्थ लावू नका, श्वास आत, श्वास बाहेर. शिबिरात याचेच पैसे घेतात.

आता जरा निपाणीकडे. तिथली विडीवाली बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, की दुसरं पान. मजुरी हजारावर. तिला सांगा, बाई, दर तासाला उठून पाच मिनिटं चालत जा, सतत बसणं वाईट. ती उठली की हजार भरत नाहीत, हजार भरले नाहीत की पैसे कमी येतात आणि पैसे कमी आले की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा तिला झोपेचं ॲप सुचवा. पहिला महिना फुकट असतो.

तरीही तिची खातरी पटली नाही तर तिचं स्वास्थ्य मोजून दाखवा. त्यासाठी आरोग्य संघटनेचीच पाच प्रश्नांची छोटी यादी आहे: गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चाराने गुणा, शंभरापैकी आकडा हातात. ती मान वर न करता उत्तरं देईल आणि शेवटी विचारेल, ‘तुमच्याशी बोलण्यात माझ्या पंधरा-वीस विड्या गेल्या, त्या कोण भरून देणार?’

हा नकारात्मक विचार झाला. त्याचे गुण कापा.