‘डॉक्टरला गोठ्यात घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या दूध उत्पादकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: सरकारने नवा काळा कायदा आणला आहे, कानात बिल्ला मारला की गाय सरकारजमा होते, लस ही गावठी गाई वांझ करण्यासाठी आहे, डॉक्टर मनात येईल तेव्हा तुमची गाय मारू शकतो, केंद्राचा कायदा गोव्याला लागू नाही, आणि म्हणून जनावर आजारी पडले तर कोणाला कळू न देता घरी विड्याच्या पानांचा उपाय करा, नाहीतर ‘वेळीच विकून मोकळे व्हा’.

हा मेसेज माझ्या आतेपर्यंत पोचला. तिने लस टोचायला आलेल्या माणसाला अंगणातूनच परत पाठवले. आतेचा मला राग नाही, तिचे घर चार गाईंच्या दुधावर चालते आणि ती घाबरली. राग आहे तो हे लिहिणाऱ्याचा आणि न वाचता पुढे ढकलणाऱ्यांचा.

कायदा नवा नाही. त्याचे नाव ‘प्राण्यांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009’. केंद्र सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. मी वाचला. खाली जे लिहितो ते बहुतेक त्याच्याच आधारावर.

सगळ्यात आधी शेवटचा सल्ला घेतो, कारण नुकसान त्यानेच होणार आहे. ‘सांगू नका, विकून टाका.’

लम्पीचे, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या साथीच्या रोगाचे, उदाहरण घ्या. 2019 साली हा रोग भारतात पहिल्यांदा ओडिशात नोंदला गेला आणि 2022 मध्ये गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रात त्याने हाहाकार केला. देशभरात लाखाहून जास्त गुरे मेली. हा विषाणू माश्या, डास आणि गोचिडी पसरवतात. लागण झाल्यापासून अंगावर गाठी उठेपर्यंत चार आठवडेही जाऊ शकतात. गाठींच्या सुकलेल्या खपल्यांत तो महिनाभर टिकतो. म्हणजे गोठ्यात एका गाईला गाठी आल्या, की शेजारी बांधलेली धडधाकट दिसणारी गायही संशयितच धरायला हवी. माशी फार तर गावाची शीव ओलांडेल. टेम्पो मात्र एका रात्रीत चोर्ला घाट ओलांडतो, आणि सकाळी ते जनावर दुसऱ्याच्या दावणीला असते. विकत घेणाऱ्याने सोसायटीचे कर्ज काढून ती गाय घेतलेली असते. आठ दिवसांनी तिच्या मानेवर पहिली गाठ दिसते, आणि तोवर त्याच्या बाकीच्या गाईंनाही त्याच माश्या चावून झालेल्या असतात. गोव्यात दुभती गुरे मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. उद्या घाटावरच्या कोणी हाच मेसेज वाचून आपली आजारी गाय आपल्याला विकली तर? याचे उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यावे.

म्हणूनच कायद्याच्या चौथ्या कलमाने मालकावर रोगाची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. ती खबर द्यायला पणजीला जावे लागत नाही, पंचायतीला कळवले तरी चालते. आजारी जनावर वेगळे बांधायचे, ते बाजारात न्यायचे नाही. सरकार एखादा भाग ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करू शकते, तिथून गुरांची ने-आण थांबवू शकते, बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवू शकते, केरी, मोले, पत्रादेवीसारख्या नाक्यांवर गुरे अडवून तपासू शकते. अधिकार मोठे आहेत, हे खरेच. अधिकाऱ्याला गोठ्यात शिरून पाहणी करता येते, हेही खरे. आणि हे सगळे मोडले तर पहिल्या वेळी शिक्षा किती? एक हजार रुपयांपर्यंत दंड, तो भरला नाही तरच कैद. ‘सात वर्षे तुरुंग’ हे मेसेजमधले वाक्य कायद्यात कुठेच नाही.

विड्याच्या पानांबद्दल. पान, मिरी, मीठ, गूळ वाटून खायला घालणे हा उपाय थोतांड नाही. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानेच तो लम्पीच्या साथीत सांगितला होता. त्याने जनावराला आराम पडत असेल तर जरूर करा. पण पान खाऊ घातले म्हणून माश्या चावायच्या थांबत नाहीत आणि शेजारच्या गोठ्यात रोग जायचा राहत नाही. घरचा उपाय करा आणि खबरही द्या, यात अडचण कसली?

आता वांझपणाची गोष्ट. हा दावा सगळ्यात घाणेरडा आहे, कारण तो खऱ्याला उलटे टांगतो. ब्रुसेलोसिसने, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताने, गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते, पुढे गाभ धरत नाही. लस आहे ती याच्याविरुद्ध. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे पाड्यांना, आयुष्यात एकदाच देतात. लस जिवंत जंतूंची असल्यामुळे गाभण गाईला देत नाहीत. दिली तर गाभडण्याचा धोका असतो. अफवेचे मूळ बहुधा इथेच आहे, आणि तेवढा भाग खरा आहे. पण म्हणूनच तर वयाची अट आहे!

हा रोग माणसालाही होतो. माझी आते गाय अडली की कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढते, उघड्या हाताने वार उचलून माडाच्या मुळाशी पुरते. तिच्या आईनेही तेच केले. गाभडलेल्या गाईची वार अशी हाताळली तर जंतू हातावरच्या साध्या ओरखड्यातून आत जातात. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधे धरणे, आणि सहा-सहा आठवडे औषधे. लस नाकारून आतेने पाडीचे रक्षण केले नाही, स्वतःला धोक्यात घातले. गावठी गाई संपवायच्या असत्या तर जुन्या गोव्याच्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने आपल्या पांढऱ्या गावठी गाईचा अभ्यास करून तिला ‘श्वेत कपिला’ नावाने राष्ट्रीय नोंदणी कशाला मिळवून दिली असती?

‘लसीमुळेच लम्पी होतो’ यालाही दोन वाक्ये. लस लागू पडायला दोन-तीन आठवडे लागतात, त्या आत आजारी पडलेली जनावरे बहुधा आधीच लागण झालेली असतात. टोचल्यावर एखाद-दोन दिवस ताप येतो, दूध थोडे घटते, हे मात्र खरे आहे आणि लस टोचणाऱ्याने ते आधी सांगायला हवे.

बिल्ल्याचे काय? गाडीला नंबर प्लेट लागली म्हणून ती आरटीओच्या मालकीची होत नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकावर लस कधी दिली याची नोंद राहते. विम्याचा दावाही त्याच बिल्ल्यावर मंजूर होतो. मालकी बदलण्याविषयी कायद्यात एक शब्द नाही.

केंद्राचा कायदा लागू नाही म्हणणाऱ्यांनी राज्यघटनेची सातवी अनुसूची पाहावी. रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नये यासाठी कायदा करण्याचा विषय समवर्ती सूचीत 29 व्या क्रमांकावर आहे. 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाला, तोही अशाच अधिकारांवर. वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस देऊन गोव्याने माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू शून्यावर आणले. तेव्हा कोणी ‘काळा कायदा’ म्हटल्याचे आठवत नाही. आणि ज्यांनी बुळकांडीत (रिंडरपेस्ट या गुरांच्या रोगात) गोठेच्या गोठे रिकामे होताना पाहिले, त्या म्हाताऱ्यांना विचारा. लसीकरण आणि नाकेबंदी करत करत 2006 मध्ये भारत त्या रोगातून मुक्त ठरला, 2011 मध्ये सारे जग.

राहिला गाय मारण्याचा मुद्दा. दयामरणाचे कलम कायद्यात आहे, मी लपवत नाही. रोग पसरू नये म्हणून ते गरजेचे वाटले तर पशुवैद्याने लेखी आदेश द्यायचा असतो. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पण लम्पीत भारताने गुरे मारण्याचे धोरण घेतलेच नाही. लस आणि विलगीकरण हाच मार्ग धरला, कारण बहुतेक गुरे बरी होतात.

एका गोष्टीत मात्र मेसेज लिहिणाऱ्याच्या जवळपास मीही उभा आहे. मारलेल्या जनावराची भरपाई किती आणि किती दिवसांत, हे या कायद्याच्या कलमांत नाही. ते योजनांवर आणि सरकारी आदेशांवर सोडले आहे. चार गाईंवर जगणाऱ्या बाईकडून खरी खबर हवी असेल, तर तिला पैसे कधी मिळतील हे साथ येण्याआधी लेखी कळले पाहिजे. हा ठराव प्रत्येक दूध सोसायटीने आणि ग्रामसभेने करून पशुसंवर्धन खात्याकडे पाठवावा. त्यावर सही करायला मी पहिला येईन.