टिळकांना साथरोग कायद्याखाली शिक्षा झाली नव्हती

‘प्लेगच्या काळात सरकारवर टीका केली म्हणून 1897 च्या साथरोग कायद्याखाली लोकमान्य टिळकांना तुरुंगात टाकले’, असा मजकूर 2020 पासून फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

टिळकांवरचा खटला राजद्रोहाचा होता, भारतीय दंड संहितेच्या कलम 124-अ खाली. आधार होता 15 जून 1897 च्या ‘केसरी’तील शिवाजी महाराज आणि अफजलखानवधाविषयीच्या मजकुराचा. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा: 18 महिने सक्तमजुरी.

साथरोग कायद्याखाली हे शक्यच नव्हते. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. कलम 2 ने सरकारला तात्पुरते नियम करण्याचा आणि रेल्वे प्रवाशांची तपासणी, संशयितांचे विलगीकरण करण्याचा अधिकार दिला. नियम मोडल्यास दंड संहितेच्या कलम 188 ची शिक्षा, म्हणजे फार तर सहा महिने. शिवाय कलम 4 प्रमाणे सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. पुण्यात घरोघर झालेल्या झडत्यांच्या संदर्भात खरे बोचते ते हे कलम. पण फिरत्या मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो.

पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर हा कायदा आला, हेही खोटे. कायदा 4 फेब्रुवारीचा, गोळीबार 22 जूनचा.

आणि 2020 ची देशव्यापी टाळेबंदी? तिचे आदेश 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघाले. साथरोग कायदा राज्यांनी आपापल्या नियमांसाठी वापरला.