'3300 जीबी संपतात तरी कोणाचे?' : अंधेरीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अंधेरीकर,

महिन्याचा डेटा-कोटा सांभाळून मोठ्या फाइली कशा वाटाव्यात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चांगलीच तिखट आहे, म्हणून उत्तर वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: फायबरवर महिन्याला 3300 जीबी मिळत असताना कोट्याची रड कशाला, हा लेख 2008 साली शोभला असता. टॉरेंटच्या (एकमेकांच्या संगणकांवरून फाइलचे तुकडे घेण्या-देण्याची पद्धत) अपलोडला मर्यादा घाला असं सांगणं म्हणजे घेताना ओंजळ पुढे आणि देताना हात आखडता. आणि मोठी फाइल असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवा, लिंक पाठवा, विषय संपला.

आधी 3300 चं बघू. नुसतं बघणाऱ्याच्या घरी ते संपत नाहीत, हे खरंच आहे. नेटफ्लिक्स 4के मध्ये ताशी 7 जीबीपर्यंत घेतं. रोज चार तास टीव्ही चालला तरी महिन्याला 840. पण लेख बघणाऱ्यांसाठी नव्हता, वाटणाऱ्यांसाठी होता. बहुतेक प्लॅनमध्ये आलेला आणि गेलेला डेटा एकत्र मोजतात, आणि वाटणाऱ्याचा कोटा जातो तो गेलेल्या डेटात. 100 एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला 12.5 एमबी, तासाला 45 जीबी. सीडिंग, म्हणजे उतरवलेली फाइल टॉरेंटवर इतरांना देत राहणं, या वेगाने मोकळं सुटलं तर 3300 जीबीला तीन दिवस पुरतात. एवढी मागणी रोज नसते, कबूल. पण उबुंटू या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती एप्रिल-ऑक्टोबरमध्ये येते तेव्हा क्लायंट (टॉरेंटचं सॉफ्टवेअर) रात्रभर सुरू ठेवून बघा.

(लिनक्सच्या आयएसओ म्हणजे इन्स्टॉल करायच्या फायली, इंटरनेट आर्काइव्हवरच्या मुक्त फायली, आपापली रेकॉर्डिंगं, एवढ्यापुरतंच मी बोलतोय. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं सीडिंग करणाऱ्यांनी सल्ला दुसरीकडे शोधावा.)

शिवाय सगळी मुंबई फायबरवर नाही. पुनर्विकासात गेलेल्या इमारतींमधली कितीतरी कुटुंबं आज 11-11 महिन्यांच्या करारावर भाड्याने राहतात. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, सोसायटी नवी केबल टाकू देत नाही, आणि पुन्हा घर बदलायचंच आहे. मग खिडकीत डबा बसवून वायरलेस घेतात, ज्याचा कोटा साधारण 1000 जीबी असतो. त्यांना 2008 आठवतं ते उगाच नाही.

आता हात आखडता घेण्याचा आरोप. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मर्यादा न घालणारा पहिले चार दिवस दानशूर असतो, मग कोटा संपतो, वेग कोसळतो आणि घरचे क्लायंटच बंद करायला लावतात. उरलेला महिना तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. वेग 2 एमबीपीएसवर आला तर 1 जीबीची फाइल उतरायला तास उलटून जातो. त्यात मुलांचा अभ्यास, ऑफिसचं काम, सगळं. याउलट, घरासाठी 1300 जीबी बाजूला ठेवून उरलेले 2000 जीबी तीस दिवसांवर पसरले तर सेकंदाला सुमारे 770 केबी येतात. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटच्या सेटिंगमध्ये अपलोडच्या चौकटीत 750 टाका आणि विसरून जा. 1000 जीबीवाल्यांनी घरचे 600 वगळून 150 टाकावेत. ज्या जुन्या फाइलला जेमतेम दोन सीडर (फाइल देणारे) उरलेत, तिथे महिनाभर टिकणारे हे 150 चार दिवसांच्या धबधब्यापेक्षा कामाचे.

मर्यादा शून्याच्या आसपासही नेऊ नका. टॉरेंटमध्ये जो देतो त्याला आधी मिळतं, तेव्हा अपलोड आवळलं की तुमचं डाउनलोडही रखडतं. आणि लाइन तुडुंब भरून द्यायचीही सोय नाही, कारण डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच अपलोडच्या वाटेने जातात. ती वाट भरली की स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल गोठतो आणि शिव्या राउटरला बसतात. क्लायंटला रात्रीच जोरात अपलोड करू देणारं वेळापत्रक लावायचं ते या कॉलसाठी. त्याने कोटा वाचत नाही. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 फुकट असायचं, तेव्हा लोक गजर लावून उठायचे. तो हिशेब आता नाही, सवय मात्र राहिली आहे.

राहिला ड्राइव्हचा मुद्दा. एकांकिकेच्या तालमीचं तासाभराचं 4के रेकॉर्डिंग घ्या. आयफोनवर सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर मिनिटाला सुमारे 170 एमबी, म्हणजे तासाचे 10 जीबी. गूगलची फुकटची जागा 15 जीबी, त्यातच जीमेल आणि फोटो. चढवताना तुमचे 10 गेले, संघातल्या पंधरा जणांनी उतरवली तर त्यांचे मिळून 150. यातले निम्मे एकाच इमारतीत, एकाच वाय-फायवर असतील तर तीच फाइल एकाच कोट्यातून पुन्हा पुन्हा येते. विषय संपला नाही, कोटा संपला.

तालमीच्या हॉलमध्येच सगळे भेटणार असतील तर क्विक शेअर, एअरड्रॉप (जवळच्या फोनला इंटरनेटशिवाय फाइल देण्याच्या सोयी) किंवा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर कॉपी 'फाइल टू लार्ज' म्हणून अडली तर तो बिघडलेला नाही. तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला आहे आणि 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, आधी आतलं सामान दुसरीकडे हलवून.

घरातल्या घरात कायमचं हवं असेल तर सिंकथिंग, दोन यंत्रांतली फोल्डरं सारखी ठेवणारं सॉफ्टवेअर. ते लॅनवरून, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवरून चालतं, कोट्याला हात लावत नाही. फक्त एक खोच आहे. लॅपटॉप मुख्य वाय-फायवर आणि फोन गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) असेल तर दोघं एकमेकांना दिसत नाहीत, आणि सिंकथिंग मुकाट्याने बाहेरच्या रिलेमार्गे, म्हणजे इंटरनेटवरच्या मधल्या सर्व्हरमार्गे फाइल पाठवतं. स्क्रीनवर डिव्हाइसच्या नावाखाली जोडणीचा प्रकार दिसतो. तिथे 'लॅन' असायला हवं. 'रिले' दिसलं तर सेटिंगमध्ये रिलेइंग बंद करा आणि दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आणा.

शेवटी तुम्ही विचारलंय की 1 तारखेला मीटर शून्य का होत नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये कोटा कॅलेंडरने नाही, बिलाच्या चक्राने चालतो. रिचार्ज 17 ला झाला असेल तर मोजणी 17 पासून. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तारीख बघा, आणि वरचा 750 किंवा 150 चा हिशेब त्या दिवसापासून धरा.